काचेसारखा बर्फ

१

थोरली पडली तेव्हा पक, म्हणजे आइस हॉकीतली ती रबरी चकती, बर्फाच्या रिंकच्या पार दुसऱ्या टोकाला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर जो तो छातीठोकपणे सांगत सुटला की तिला पक लागला, काठी लागली, कुणाचा तरी धक्का लागला. काहीही लागलं नव्हतं. मी आई आहे. मी खेळ बघत नाही, माझ्या मुलीला बघते.

महिलांच्या आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपदाचा उपांत्य सामना होता आणि शेवटचं सत्र चालू होतं. आम्ही एका गोलने पुढे होतो. थोरली आमच्या संघाची गोलकीपर. आधी ती खांबाला टेकली, मला वाटलं दम खातेय. मग गुडघ्यांवर आली, आणि मग झोपेला आलेलं मूल उशीवर डोकं टाकतं तशी बर्फावर आडवी झाली.

मास्क काढला तर गाल छान गुलाबी. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, प्राणवायूचा आकडा अगदी उत्तम. आणि हाका मारमारून पोरगी डोळे उघडेना! मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून जन्म गेला, त्यामुळे भीती वाटली की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. त्या दिवशी स्टँडमध्ये समोरच्या खुर्चीची पाठ मी इतकी दाबली की तिथले गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले.

तिच्या जागी धाकटी उतरली. होय, तीही माझीच. थोरली मुख्य गोलकीपर आणि धाकटी राखीव. संघात तिसरी गोलकीपर होती, पण ती घोटा मोडून घरी गेलेली. धाकटीने उरलेला वेळ गोल राखला आणि आम्ही अंतिम फेरीत गेलो. टाळ्या वाजल्या. मी तोवर अँब्युलन्समध्ये होते.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "विषबाधेसारखं वाटतंय. रक्त पाठवलंय तपासायला. नेमकं कशाचं विष ते कळायला उद्याची संध्याकाळ होईल."

विष!

कोच मागोमाग आला होता. गळ्यात शिट्टी आणि बोलणंही शिट्टीसारखंच, त्यामुळे मुली त्याला शिट्टी म्हणतात. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सामन्यात थोरली एकाच भांड्यातून पिते. धाकटीच्या थर्मासमधून. गरम पाणी आणि मध. दुसऱ्या कुणाचं ती घेतच नाही."

"मग तपासा की थर्मास," मी म्हणाले.

"तपासला असता हो. पण सामना संपल्यासंपल्या कुणीतरी तो साबणाने घासून पालथा घालून ठेवलाय."

"कुणी?"

"तुमच्या धाकटीनेच."

२

संयोजन समितीने चौकशी ज्या बाईंकडे दिली त्या निवृत्त पोलीस अधिकारी, स्पर्धेच्या सुरक्षाप्रमुख. स्पर्धेच्या सुरुवातीपासून त्या माझ्या पुढच्याच रांगेत बसायच्या, लोकरी टोपी, हातमोजे आणि नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर अशा थाटात. छतातून मानेवर वारा येतो म्हणून दर सामन्याला त्यांची कुरकुर. हॉकीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना मफलरबाई म्हणत होते. आता याच बाईंच्या हातात माझ्या पोरीचं आयुष्य होतं.

समितीने सांगितलं होतं की सामन्याआधी धाकटी निर्दोष ठरली तर खेळेल, नाही तर पोलिसांच्या ताब्यात. फायनल दुसऱ्याच दिवशी दुपारी होती.

सकाळी सरावाच्या वेळी मफलरबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. वर सगळ्या देशांचे झेंडे फडफडत होते. त्यांनी मफलर आणखी घट्ट ओढला.

"तुमचं काय मत?" त्यांनी सरळ विचारलं.

"माझी मुलगी असलं काही करणार नाही," मी म्हणाले. आवाज चांगला खणखणीत निघाला. पण खरं सांगू का, रात्रभर तो पालथा थर्मास माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. लहानपणापासून थोरली पुढे आणि धाकटी मागे. थोरलीचे जुने स्केट्स धाकटीला, थोरलीचं कौतुक ऐकायला धाकटी. माणसाच्या मनात काय साचतं ते आईलाही कुठे दिसतं? हा विचार आला की मी तो झटकत होते, आणि तो पुन्हा येत होता.

खाली मुली कुरकुरत होत्या. संघाची कॅप्टन कठड्यापाशी येऊन ओरडली, "आज बर्फ आहे का लापशी? काल कसा काचेसारखा होता!"

"काल चांगला होता का बर्फ?" मफलरबाईंनी मला विचारलं.

"म्हणे. सगळ्या पहिल्यापासून रडत होत्या की बर्फ मऊ आहे. कालच काय तो मनासारखा लागला."

सामान ठेवायच्या खोलीत चौकशी सुरू झाली. पॅडांचा घामट वास, भिंतीला ओळीने काठ्या. मला बसू दिलं हे त्यांचे उपकार.

आधी शिट्टी. "थोरली नसेल तर फायदा कुणाचा?" त्यानेच उलट विचारलं. "गोलमध्ये एकीलाच उभं राहता येतं, बाई. राखीव मुलगी वर्षानुवर्षं बाकावर बसते."

"फायदा तुमचाही," मफलरबाई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या महिन्यात थोरलीने सगळ्यांदेखत तुमचा सल्ला धुडकावला. तिला काढायचं तुमच्या मनात होतं."

शिट्टीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काढायचं म्हणजे संघातून! जगातून नव्हे!"

मग आला रेषापंच, ऑफसाइड बघत सामनाभर रिंकवर घिरट्या घालणारा. चेहरा उतरलेला. "पाणीबिणी देताना मी काही पाहिलं नाही. माझंच काल ठीक नव्हतं. डोकं ठणकत होतं, सामन्यानंतर दोनदा ओकलो. हॉटेलची अंडी बाधली असणार."

"आज कसं आहे?"

"सकाळी बरा उठलो."

शेवटी बर्फमास्तर. रिंकचा बर्फ हा माणूस सांभाळतो. दोन सत्रांच्या मधे मोठं यंत्र फिरवून बर्फ खरवडतो, वर गरम पाण्याचा पातळ थर देतो, तो गोठला की पुन्हा गुळगुळीत. डोळे तांबारलेले, एक हात कपाळावर.

"आमचं विजेवरचं यंत्र बंद पडलं," तो म्हणाला. "मग गोदामातलं जुनं काढलं, गॅसवरचं. कालपासून तेच चालवतोय. म्हातारं आहे. एकदा बंद केलं की लवकर चालू होत नाही, म्हणून सामन्यातही दारामागे तसंच घुरघुरत ठेवतो."

"कालचा बर्फ काचेसारखा होता म्हणे."

त्याचा चेहरा एकदम खुलला. "परदेशी कोच येऊन हात मिळवून गेले! आधी हेच लोक तोंडावर बोलत होते की तुम्हाला बर्फ करता येत नाही, पुन्हा स्पर्धा मागू नका."

"मग आज सकाळी का बिघडला?"

"हवा," तो एवढंच म्हणाला आणि दुपारच्या आत काचेसारखा करून देतो म्हणून निघून गेला.

मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. दारात धाकटी उभी होती.

३

"थर्मास का धुतलास?" मफलरबाईंनी विचारलं.

धाकटी हातमोज्याचा पट्टा उगीच काढत-लावत राहिली.

"ताई हॉस्पिटलात, आणि तू साबण घेऊन बसलीस. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"बोल की गं!" मी ओरडले. "तुला कळतंय का, तुला पोलीस नेतील!"

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सहन झाली नाही, मी खाली बघायला लागले.

मफलरबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. आवाज अगदी घरातल्या माणसाचा. "बाळ, तू कुणाला तरी शब्द दिलायस. ताईलाच ना? ताई शुद्धीवर येतेय, तासाभरापूर्वी हॉस्पिटलातून फोन होता. तिने पहिलं काय विचारलं सांगू? 'धाकटीने सांगितलं तर नाही ना?'"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तिचं डोकं दुखत होतं," ती म्हणाली. "पहिल्या सत्रानंतरच. मागच्या आठवड्यात तिच्या डोक्याला मार लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, परत जरा जरी डोकं दुखलं तरी सांगायचं, मग खेळणं बंद. तिने मला शपथ घातली. म्हणाली, गोळी दे, पाण्यात विरघळवून दे, कुणाला दिसू देऊ नकोस. मी दिली. नेहमीची डोकेदुखीची गोळी, दुसरं काही नाही. ती पडल्यावर मला वाटलं, भांड्यात गोळी सापडली तर तिला कायमची बाहेर काढतील. म्हणून धुतला."

गोळ्यांची पट्टी तिच्या खिशातच होती. मफलरबाईंनी ती स्पर्धेच्या डॉक्टरांना दाखवली, हॉस्पिटलात फोन केला. तिकडे थोरलीने क्षीण आवाजात शब्दन्‌शब्द तेच सांगितलं. एका गोळीने माणूस असा पडत नाही, डॉक्टर म्हणाले.

"डोकं आधी दुखलं आणि गोळी नंतर दिली," मफलरबाई समितीला म्हणाल्या. "म्हणजे त्रास थर्मासच्या आधीपासून होता. ही मुलगी निर्दोष आहे."

मी त्यांचे हात धरले. धाकटी पॅड बांधायला पळाली, शिट्टीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि स्टँड भरायला लागले. माझ्या जिवात जीव आला.

मफलरबाई मात्र हसल्या नाहीत. पहिलं सत्र संपून दुसरं सुरू झालं तरी त्या रिंककडे बघत बसल्या होत्या. मग त्यांनी हळूच एक प्रश्न विचारला.

"थर्मासमध्ये काही नव्हतं. मग थोरलीला कशाने पाडलं? आणि ते जे काही आहे ते अजून इथेच असलं तर?"

४

"एक सांगा मला," त्या म्हणाल्या. "या सगळ्या मुली मिनिटभर खेळून बाहेर बाकावर येऊन बसतात. तुमची धाकटी का येत नाही?"

"गोलकीपर कशाला येईल? बाकीच्या पळून दमतात म्हणून बदलतात. गोलकीपर सामनाभर आतच."

"आणि आणखी कोण आत असतं सामनाभर?"

"पंच."

"रेषापंच. जो काल ओकला." त्या उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे जे सतत आत होते तेच आजारी पडले. जे ये-जा करत होते ते वाचले. आपण वर बसलेलो, आपल्याला काहीच नाही. विष पोटातून गेलं नाही हो, श्वासातून गेलं. चारी बाजूंनी फळ्या आणि काचा आहेत. खालची थंड हवा जड असते, ती वर उठत नाही. मोठ्या टबात पाणी साचावं तशी साचते."

"पण वास? धूर?"

"तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गॅरेजबद्दल काय शिकवता?"

दर नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी बजावते: गॅरेजचं दार बंद असेल तर इंजिन चालू ठेवायचं नाही. त्या धुरातला जो वायू मारतो त्याला ना रंग ना वास. कार्बन मोनॉक्साइड. गाल गुलाबी राहतात, बोटावरचा चिमटाही फसतो. हजारदा सांगितलंय मी हे! आणि ते घुरघुरणारं यंत्र दारामागे ऐकत मी दोन सामने बसले होते.

"पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये? इथे छताला हवा बाहेर फेकणारे पंखे आहेत," मी म्हणाले.

"वर बघा."

झेंडे सरळ खाली लोंबत होते. एकाचंही टोक हलत नव्हतं. मग माझं लक्ष मफलरबाईंकडे गेलं. मफलर त्यांच्या मांडीवर होता.

"मला गरम होतंय," त्या म्हणाल्या. "कालच्या सामन्यातही मी तो काढला होता. सकाळी मात्र वारा लागत होता, झेंडे फडफडत होते आणि बर्फ मऊ होता. पंखे लावले की बाहेरची दमट हवा आत येते आणि बर्फ बिघडतो. पंखे बंद केले की बर्फ काचेसारखा. आज तुम्ही कुणाला बर्फाला नावं ठेवताना ऐकलंत?"

नव्हतं ऐकलं. उलट शेजारची सगळी रांग म्हणत होती, आज बर्फ काय सुरेख झालाय!

मी रिंककडे पाहिलं. पलीकडची गोलकीपर मास्क वर करून कपाळ चोळत होती. आणि अलीकडे माझी धाकटी गोलच्या खांबाला टेकली होती.

"तुम्ही सामना थांबवा," मफलरबाई म्हणाल्या. "मी पंख्यांकडे जाते."

थांबवा म्हणे! कसा थांबवायचा? मी पायऱ्यांवरून अक्षरशः कोसळत खाली गेले. काचेवर दोन्ही हात आपटले, "धाकटे, बाहेर ये!" म्हणून किंचाळले. गर्दीच्या आवाजात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? तिचा एक गुडघा बर्फाला टेकला. मला समोर वेळ नोंदवणाऱ्यांची खोली दिसली. गोल झाला की तिथून भोंगा वाजवतात. दार ढकलून आत शिरले आणि तिथल्या माणसाला काही कळायच्या आत लाल बटणावर हात ठेवला. तो माझं मनगट ओढत होता. मी सोडलं नाही.

भोंगा वाजत राहिला. एक एक करत सगळ्या थांबल्या. स्टँड गप्प झाले. मी बटण सोडलं, आणि त्या शांततेत माझी धाकटी बर्फावर पालथी पडली.

५

दोन्ही संघांना बाहेरच्या गाड्या लावायच्या जागेत उन्हात बसवलं होतं. पॅड, स्केट्स, सगळं तसंच. कुणी ओकत होतं, कुणी डोकं धरून बसलेलं. धाकटीच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता, डोळे उघडे होते. मी तिचा हात सोडत नव्हते.

हॉस्पिटलने काल घेतलेलं थोरलीचं पहिलंच रक्त त्या एका वायूसाठी तपासलं. ठासून भरला होता. आजच्या रक्तात सापडला नसता, कारण रात्रभर तिला प्राणवायू देत होते आणि तो धुऊन निघाला होता.

बर्फमास्तरला मफलरबाई पंख्यांच्या खोलीतून घेऊन आल्या. तो कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवेना.

"मला काय माहीत असं होईल," तो पुटपुटला. "मला फक्त बर्फ चांगला करायचा होता."

"काल दुपारपर्यंत माहीत नसेल, मान्य," मफलरबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मलाच त्याची भीती वाटली. "मग रात्री पंखे का लावलेत? सामना नाही, माणूस नाही, आणि पंखे सकाळपर्यंत चालू. म्हणूनच सरावाला बर्फ लापशी झाला होता. मुलगी पडल्यावर तुमच्या मनात पाल चुकचुकली होती. तुमचं स्वतःचं डोकंही ठणकत होतं. तुम्ही हवा साफ करून घेतलीत, आणि फायनलसाठी पुन्हा बटण बंद केलंत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला, "सकाळी सगळ्या बर्फाला हसत होत्या. जग बघत होतं. वाटलं, एकच सामना आहे, निघून जाईल."

मी त्याला मारायला धावले असते. पण तो आपला ताठ उभा, माझ्या मुलींकडे बघून रडत होता, आणि माझे हात उठले नाहीत. त्याला पोलिसांनी नेलं. सामना पुढे ढकलल्याचं ध्वनिक्षेपकावर सांगितलं गेलं.

अँब्युलन्समध्ये धाकटीने मास्क जरा बाजूला केला.

"आई, तुलाही वाटलं होतं का गं? मी केलं म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिने एकही शब्द न बोलता ते मानलं असतं. पण एवढं सगळं झाल्यावर खोटं बोलायला जीभ उचलेना.

"हो," मी म्हणाले. "थर्मास पालथा घातल्याचं ऐकलं तेव्हा. रात्रभर."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "काल हॉस्पिटलात मी म्हटलं, तू जरा डोळे मीट, ताईजवळ मी बसते. तू उठलीच नाहीस. मी तिचे ओठ ओले करायला पाणी आणलं तर तू माझ्या हातातून ग्लास घेतलास."

मला आठवत होतं. मी तिला म्हणाले होते, तू दमली असशील. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं, आणि तरी ती सकाळी उठून सरावाला गेली होती. मला इतकी लाज वाटली की माफी मागायचीही हिंमत झाली नाही. तिने मास्क परत तोंडावर घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला तपासलं, तासभर झोपवून ठेवलं आणि हिंडाफिरायची परवानगी दिली. आम्ही दोघी जिना चढून थोरलीच्या खोलीपाशी आलो. दार अर्धवट उघडं होतं. आत थोरली जागी होती, ओठ सुकलेले, पाणी मागत होती.

मी दारातच थांबले. व्हरांड्यातल्या टेबलावरचा तांब्या उचलून धाकटीच्या हातात दिला.

"तू जा आत," मी म्हणाले. "मी इथे बाहेर बसते."

ती क्षणभर माझ्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली, आणि तिने आपल्यामागे दार लावून घेतलं.